कोयता, पाटी आणि कमरेचे पाच मणके

दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहा. तळहाताच्या कडेला जे कठीण लागतं ती कमरेच्या खुब्याची वरची कड. आता दोन्ही अंगठे त्याच उंचीवर ठेवून मागे न्या आणि पाठीच्या मधोमध एकमेकांना भिडवा. तिथे बोटाला लागतो तो कमरेचा चौथा मणका, नाहीतर चौथ्या-पाचव्यामधली फट. त्याच्या वर तीन, खाली एक. वीतभर जागेत कमरेचे पाचही मणके संपतात. त्याखाली पाच मणके एकमेकांना जुळून झालेलं त्रिकास्थी आणि अगदी टोकाला माकडहाड. मानेपासून मोजत आलं तर हलणारे मणके चोवीस. त्यांत हे पाच सगळ्यांत जाडजूड, कारण डोकं, हात, धड आणि खांद्यावरचं पोतं या सगळ्यांचा भार शेवटी यांच्यावरच उतरतो.

अंगठ्यांनी आत्ता शोधलेली ही रेषा भूलतज्ज्ञ रोज वापरतात. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याच्या खाली नसांचा जुडगा द्रवात मोकळा लोंबत असतो. सिझरच्या वेळी पाठीत दिलेली सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीतून जाते, म्हणजे मज्जारज्जू जिथे संपला त्याच्या बरीच खाली. ‘पाठीत इंजेक्शन दिलं तेव्हापासून माझी कंबर गेली’ असं सांगणाऱ्या बायका साताऱ्यापासून जतपर्यंत घरोघर भेटतील. त्यांचं दुखणं खरं आहे, कारण मात्र दुसरं आहे. सुईची जागा चार-आठ दिवस दुखते आणि थांबते. भूल घेऊन बाळंत झालेल्या आणि न घेता झालेल्या बायकांची तुलना परदेशांत अनेकदा झाली, तेव्हा महिन्यांनंतरच्या कंबरदुखीत दोन्हींमध्ये फरक दिसला नाही. गरोदरपणात सैल पडलेले सांध्यांचे बंध, ताणून मधोमध फाकलेले पोटाचे स्नायू, पोक काढून तासन्‌तास पाजणं आणि सव्वा महिना झाला की लगेच हंडा-घागर, असा तो सगळा हिशेब असतो. तो बरा करता येतो. इंजेक्शनवर खापर फोडलं की मग करण्यासारखं काही उरतच नाही.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. तिचा मधला भाग पाण्याने भरलेल्या चिकट गराचा. बाळाच्या गादीत पाण्याचा वाटा ऐंशी-नव्वद टक्के असतो, म्हातारपणी तो सत्तरच्या आसपास येतो. गराभोवती चिवट तंतूंचे पंधरा ते पंचवीस पदर. एका पदराचे तंतू डावीकडे तिरके, पुढच्याचे उजवीकडे तिरके, बाजेची सुंभाची वीण असते तसे. त्यामुळे वरून दाब आला तर गादी तो सगळीकडे सारखा पसरवते. पण वाकून पिळा दिला तर अर्धे तंतू ताणले जातात, अर्धे ढिले पडतात आणि निम्म्या विणीवर सगळा भार येतो. मणक्यांच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक छोटा सांधा असतो. कमरेत या सांध्यांची ठेवण अशी की पुढे-मागे वाकायला मुभा, वळायला जवळजवळ बंदी. एकेका मणक्याला एका बाजूला जेमतेम एक-दोन अंश वळता येतं. आपण वळतो ते छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून. म्हणून शेणाची पाटी उचलून उकिरड्यावर टाकताना पाय जागेवर रोवून कंबर फिरवू नका, पाऊल उचलून अख्खे वळा. खोऱ्याने माती ओढणाऱ्यालाही हेच.

मोठ्या माणसाच्या गादीला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. तिला पोसणारं सगळं वरच्या-खालच्या मणक्यातून झिरपत येतं, आणि झिरपायला दाब पडणं आणि सुटणं दोन्ही लागतं. चालणं, उठणं, बसणं, आडवं होणं हे तिचं जेवणखाण. सहा तास एकाच स्थितीत राहणारा, मग तो बँकेच्या खुर्चीत असो की ट्रॅक्टरच्या सीटवर, तिला उपाशी ठेवतो.

आता भाराकडे येऊ. ऊस बुडाशी तोडावा लागतो. बुडख्यात साखर जास्त, आणि खोडवा चांगला फुटायचा तर छाटणी जमिनीलगत हवी. त्यामुळे हंगामात बीड, धाराशिवकडून कृष्णाकाठी येणारा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसातला मोठा भाग कमरेत पूर्ण दुमडलेली असते. माणूस इतका वाकला की पाठीचे स्नायू काम सोडून देतात. हे तारा लावून मोजलेलं आहे. पूर्ण वाकल्यावर त्यांच्यातला विजेचा संदेश जवळजवळ बंद पडतो आणि सगळा भार मागच्या बंधांवर आणि गादीच्या मागच्या पदरांवर जातो. वीस मिनिटं असं राहिलं की हे बंध हळूहळू लांबतात. उभं राहिल्यावर पहिल्या दोनेक मिनिटांत निम्मे सावरतात, पण अर्ध्या तासानंतरही थोडा ढिलेपणा बाकी असतो.

म्हणूनच तोड संपवून लगेच मोळी उचलायला जाणं हा दिवसातला सर्वांत वाईट क्षण. मोळी समजा वीस किलोची आहे आणि हात लांब करून ती कमरेपासून पन्नास सेंटिमीटरवर धरली आहे. कमरेचे स्नायू मणक्याच्या मधल्या भागापासून साधारण पाच सेंटिमीटर मागे असतात. म्हणजे वीस किलो पेलायला त्यांना दहापट, दोनशे किलोची ओढ द्यावी लागते, आणि ती सगळी ओढ गादीवर दाब म्हणून बसते. वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही. तीच मोळी पोटाशी, वीस सेंटिमीटरवर घेतली तर ऐंशी किलो. वजन तेच, मोळी तीच, फक्त पोटाशी घेतली. ‘गुडघ्यात वाकून उचला’ हा सल्ला पाठ असतो सगळ्यांना, पण मोठी मोळी गुडघ्यांच्या पुढे राहिली तर गुडघे वाकवूनही ती लांबच राहते. तेव्हा आधी ओझं पायांच्या मध्ये ओढून घ्या, मग उचला. वाकून काम झालं असेल तर उचलण्याआधी उभे राहा, दोन्ही हात कमरेवर ठेवून जरा मागे झुका, फडाच्या कडेपर्यंत जाऊन पाणी पिऊन या. मुकादम ओरडेल. तरी जा.

हमालाची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर घेऊन चालणारा हमाल पाहा. तो पुढे झुकतो ते नेमकं इतकंच, की पोत्याचा तोल पायांच्या वर यावा. ओझं मणक्याला चिकटलेलं, खुब्याच्या वर. चालताना त्याची कंबर आपल्याला वाटतं तितकी संकटात नसते. संकट येतं दोन वेळा, पोतं जमिनीवरून उचलताना आणि थप्पीवर फेकताना कंबर पिळली जाते तेव्हा. म्हणून जुने हमाल पोतं एकट्याने उचलत नाहीत, दोघे हात देतात आणि तिसरा पाठीवर घेतो. बाकी पोत्याच्या वजनाचं काय करायचं हे एकट्या हमालाच्या हातात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ सालीच सांगून ठेवलं आहे की प्रौढ पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोंच्या वर असेल तर ते कमी करण्याचे उपाय लवकरात लवकर करावेत. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी कायदा झाला, आणि शंभर किलोची पोती पन्नासवर आणा हा आग्रह हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं धरला. क्विंटलच्या पोत्याखाली कुठलंही आसन आणि कुठलाही व्यायाम कमरेला वाचवू शकत नाही, हे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगायला हवं.

तासगावच्या द्राक्षबागेत उलटा प्रकार. मांडवाखाली विरळणी करताना, घड औषधात बुडवताना हात डोक्याच्या वर आणि कंबर मागे. मागे वाकलं की पाठीमागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि नसांची वाट अरुंद होते. इथे पुढे वाकण्याची भीती नको, उलट मधूनमधून उकिडवं बसलं की आराम पडतो. बुटक्या बायकांना मांडव उंच पडतो. त्यांना पायाखाली फळी द्या, किंवा द्राक्षाचं रिकामं क्रेट उलटं करून एक पाय त्यावर आळीपाळीने ठेवायला सांगा. एक पाय उंचावर ठेवला की कमरेची खोलगट कमान सैल होते. ओट्याशी तासभर पोळ्या लाटणाऱ्यांनीही हा प्रयोग पाटावर पाय ठेवून करून पाहावा.

पहाटेविषयी मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पहाट म्हणजे गोठा. रात्री आडवं झाल्यावर गाद्या पाणी ओढून फुगतात. सकाळी आपण रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटिमीटर उंच असतो, आणि ही वाढीव उंची उठल्यानंतरच्या पहिल्याच तासात निम्मी उतरते. फुगलेली गादी टणक असते. अशा वेळी तेवढंच वाकलं तरी तिच्या पदरांवर ताण दुपारच्या मानाने कितीतरी जास्त पडतो. १९९८ साली अमेरिकेत एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढंच सांगितलं की सकाळी उठल्यावर सुरुवातीचे काही तास कंबर पुढे वाकवायची नाही. दुखण्याचे दिवस खरोखर कमी झाले. आपल्याकडे काय होतं? साडेचारला गजर, डोळे चोळत गोठ्यात, वाकून शेण ओढणं, भरलेली पाटी डोक्यावर, मग उकिडवं बसून धारा, मग चाळीस लिटरचं कॅन डेअरीच्या गाडीत. फुगलेल्या गादीवर दिवसभरातलं सगळ्यांत जास्त वाकणं पहिल्याच तासात.

गायी थांबणार नाहीत हे खरं. पण कामांचा क्रम आपल्या हातात आहे. आधी उभ्याने होणारी कामं करा. वैरण टाकणं, पाणी सोडणं, बंबात जाळ घालणं, अंगणात चार फेऱ्या. धारा काढायला उकिडवं बसण्याऐवजी छोटं स्टूल घ्या आणि गाईच्या जवळ सरका. शेण शेवटी, लांब दांड्याच्या फावड्याने, पाटी अर्धीच भरून. कॅन दोघांनी दोन कड्या धरून.

याच तर्काने सूर्यनमस्कारांबद्दल एक सूचना, आणि ती साताऱ्यात करताना थोडं जपून करावी लागते. खटाव तालुक्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळाशाळांत नेले, स्वतः म्हातारपणापर्यंत घातले, आणि १९३८ साली त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. कंबर पुढे-मागे दोन्हीकडे पूर्ण नेणारा, खुब्याचे आणि मांडीमागचे स्नायू मोकळे करणारा हा व्यायाम गादीला पोसायला उत्तमच. ज्यांची कंबर धडधाकट आहे त्यांनी पहाटे घालावेत. ज्यांना नुकतीच उसण भरून गेली आहे त्यांनी मात्र सहा आठवडे तरी अंथरुणातून उठून थेट जमिनीला हात टेकवायला जाऊ नये. तासभर हालचाल झाल्यावर, गुडघ्यात वाकून, हातांखाली पाट घेऊन सुरुवात करावी. सूर्य थोडा वर आल्याने नमस्काराचं पुण्य कमी होत नाही.

इतकं करूनही कंबर धरतेच कधीतरी. शंभरात नव्वद जणांच्या बाबतीत नेमकं काय दुखावलं हे कुठल्याही तपासणीत सापडत नाही, आणि सापडण्याची गरजही नसते. स्नायूचा गोळा, बंधाला बसलेला हिसका, छोट्या सांध्यातली चमक, काहीही असू शकतं. गावाकडे यावर पायाळू माणूस शोधतात आणि त्याच्याकडून कमरेत लाथ मारून घेतात. बहुतेकांना बरंही वाटतं, कारण उसण आपणहून काही दिवसांत उतरायलाच लागलेली असते आणि लाथेला तिचं श्रेय मिळतं. पन्नाशीपुढच्या माणसाने, विशेषतः पाळी गेलेल्या बाईने, ही लाथ अजिबात खाऊ नये. ठिसूळ झालेला मणका तेवढ्याने चेपू शकतो. पाठीवर पोराला उभं करून तुडवून घेण्यालाही हेच लागू.

उसण भरली की पहिले एक-दोन दिवस दुखेल तेवढंच करा. शेक बरा वाटत असेल तर घ्या. कुशीवर, गुडघ्यांच्या मध्ये उशी घेऊन, नाहीतर पाठीवर, गुडघ्यांखाली लोड घेऊन झोपा. पण झोपून राहू नका. १९८६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस अंथरुणात राहायला सांगितलं. बरं व्हायला दोघांना सारखाच वेळ लागला, फक्त सात दिवसवाल्यांचे कामाचे दिवस जास्त बुडाले. १९९५ साली फिनलंडमध्ये तर असं दिसलं की झोपवलेल्यांपेक्षा आणि खास व्यायाम दिलेल्यांपेक्षाही जमेल तसं नेहमीचं काम करणारे लवकर सावरले. ‘कंबर दुखते ना, मग फरशीवर सतरंजी टाकून झोप’ हाही सल्ला आता मोडीत काढायला हरकत नाही. स्पेनमध्ये २००३ साली कडक आणि मध्यम कडक गाद्यांची तुलना झाली, त्यात मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांची कंबर जास्त सुधारली. घरची पिंजलेल्या कापसाची गादी पुरेशी आहे. पट्टा प्रवासात किंवा पहिल्या आठवड्यात बांधला तर धीर देतो, तो महिनोन्‌महिने बांधून मात्र काही मिळत नाही.

दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या चार-पाच दिवस, डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास आहे त्यांनी मनाने अजिबात नाही. आणि नाव-घटक काहीच छापलेलं नसलेल्या, बाजारात मिळणाऱ्या ‘गुणकारी’ पुड्या घेऊच नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. त्याने आठ दिवसांत चमत्कार होतो आणि दोन वर्षांत हाडं पोकळ होतात.

कमरेतलं दुखणं पायात उतरलं तर गोष्ट नसेची असते. पायाला जाणारी मोठी नस कमरेच्या चौथ्या मणक्यापासून खाली, त्रिकास्थीपर्यंतच्या पाच मुळांची मिळून बनते. गादी फुगून किंवा तिचा गर बाहेर येऊन जी अडचण होते ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन गाद्यांत, कारण वाकणं आणि भार दोन्ही तिथेच सर्वांत जास्त. हे नातं वैद्यकशास्त्राने ठामपणे मांडलं ते १९३४ साली, मिक्स्टर आणि बार या अमेरिकी डॉक्टरांनी. घरच्या घरी एक तपासणी करता येते. भिंतीला हात टेकवून दहा पावलं फक्त टाचांवर चाला, मग दहा पावलं फक्त चवड्यांवर. टाचांवर चालताना एका पायाचा पंजा खाली पडत असेल तर पाचव्या मणक्याच्या मुळावर दाब असण्याची शक्यता. चवड्यावर उभं राहता येत नसेल तर त्याखालच्या, त्रिकास्थीच्या पहिल्या मुळावर. दोन्ही जमत असेल आणि फक्त कळ असेल तर घाई नाही. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा लहानापेक्षा अधिक चांगला शोषला जातो. पंजा पडत असेल किंवा ताकद दिवसागणिक कमी होत असेल तर मात्र त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे.

तज्ज्ञ एमआरआय सांगतील, किंवा सांगणार नाहीत. सांगितला नाही तर त्यांच्यावर चिडू नका. कुठलंही दुखणं नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या फिल्म एकत्र पाहून २०१५ साली एक अहवाल निघाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीतल्या ६० टक्क्यांची गादी फुगलेली होती. हे सगळे लोक धडधाकट होते. तेव्हा ‘मणक्यात गॅप आहे’ असं ऐकून शेत खंडाने देऊन टाकण्याआधी एकदा विचारा, की हा गॅप माझ्या वयाच्या न दुखणाऱ्या माणसालाही असतो का. बहुतेक वेळा उत्तर हो असेल. माझ्या मते आपल्याकडे या एका शब्दाने जितकी माणसं खाटेवर टाकली तितकी गादीने टाकली नसतील.

काही दुखणी कमरेत होतात पण कमरेची नसतात. बरगडीखालून सुरू होऊन जांघेत उतरणारी, कुठल्याच स्थितीत चैन पडू न देणारी कळ मुतखड्याची समजा. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री वाढणारं दुखणं, उतरत जाणारं वजन असेल तर मणक्याचा क्षय तपासून घ्या, तो आपल्याकडे अजून आहे. आणि गोठा असलेल्यांसाठी आणखी एक. गाय-म्हैस गाभडली असेल, तिचा वार किंवा जार तुम्ही उघड्या हाताने काढला असेल, धारोष्ण दूध पिण्याची सवय असेल आणि नंतर काही आठवड्यांनी येऊन-जाऊन ताप, रात्रीचा घाम आणि कंबरदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना गाभडलेल्या जनावराबद्दल आपणहून सांगा. ब्रुसेला नावाचा जंतू जनावराकडून माणसात येतो आणि त्याला कमरेचे मणके विशेष आवडतात. रक्ताच्या तपासणीत तो कळतो, काही आठवडे-महिने औषधं घेऊन बरा होतो, पण कोणी विचारलंच नाही तर वर्षभर पट्टा बांधून फिरावं लागतं. दूध उकळूनच प्या, हातमोजे घाला, आणि कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात लस टोचून घ्या.

वयाप्रमाणेही खुणा बदलतात. विशी-तिशीतला मुलगा सकाळी अर्धा तास आखडलेला असतो आणि कामाला लागला की मोकळा होतो, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं असेल तर तो संधिवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याला हाडांच्या नव्हे, संधिवाताच्या डॉक्टरांकडे न्या. पैलवान खाशाबा जाधवांच्या कऱ्हाड तालुक्यात आणि मारुती मानेंच्या कवठेपिरानकडे तालमीत जाणारी पोरं आजही आहेत. बारा ते अठरा वयाच्या पोराची कंबर मागे वाकवताना, पूल बांधताना, एकाच जागी दुखत असेल तर वस्तादांनी ‘दाब जरा’ म्हणू नये. पाचव्या मणक्याच्या मागच्या नाजूक कमानीला ताणाने तडा जातो, वेळीच दोन-तीन महिने कुस्ती थांबवली तर तो बहुधा सावरतो. आणि सत्तरीच्या आजोबांना सज्जनगडाच्या पायऱ्या चढताना काही होत नाही, उतरताना मात्र पाय भरून येतात, बसलं की किंवा पुढे वाकलं की मोकळे होतात, तर नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. उतरताना कंबर मागे जाते, म्हणून. त्यांना काठीपेक्षा पुढे वाकून ढकलता येणारी सायकल जास्त उपयोगी पडते.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नाही. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा आणि मांड्यांचा आतला भाग बधिर झाला, दोन्ही पायांतलं बळ गेलं, तर खाली लोंबणारा नसांचा तो सगळा जुडगा एकदम दाबला गेला आहे. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. जवळच्या डॉक्टरांना फोन करून जिथे एमआरआय आणि मणक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होते तिथेच थेट जा. साताऱ्याकडून कऱ्हाड, सांगलीकडून मिरज सोईचं. डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलच्या काळापासून मिरजेत रुग्ण कोकणातून आणि कर्नाटकातून येत आले आहेत, त्यामुळे तिथे तज्ज्ञांची वानवा नाही. इथे तासांचा हिशेब असतो. दोन दिवस मालिश करत बसलेल्याची लघवीची जाणीव आणि तिच्यावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

राहिला प्रश्न पुन्हा न दुखण्याचा, कारण एकदा धरलेली कंबर वर्षभरात पुन्हा धरण्याचा संभव मोठा. यावर अलीकडचं सर्वांत स्वस्त उत्तर ऑस्ट्रेलियातून आलं. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायला लावलं. न चालणाऱ्यांत पुन्हा दुखायला, मध्यक धरला तर, ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. ‘आम्ही दिवसभर रानात चालतोच की’ असं शेतकरी म्हणेल. रानातलं चालणं म्हणजे दोन पावलं आणि वाकणं, दोन पावलं आणि ओझं. हे चालणं वेगळं: रिकाम्या हाताने, हात हलवत, ताठ, न थांबता. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग दर आठवड्याला पाच-पाच वाढवा. साताऱ्यातल्यांनी पहिला महिना यवतेश्वरचा घाट सोडून सपाट रस्ता धरावा, सांगलीकरांना कृष्णेचा घाट आहेच. संध्याकाळी दुसऱ्या धारेनंतरची वेळ बरी, तोवर गादी मऊ पडलेली असते आणि डेअरीपर्यंत दुधाचं कॅन न्यायलाही कोणीतरी दुसरं सापडतं.